घरातील मराठी, अंगणातील स्पॅनिश

(परदेशी वास्तव्यास निघालेल्या तरुण कुटुंबांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



परदेश म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही अमेरिका आणि इंग्लंड हीच दोन नावे आधी ओठांवर येतात. परंतु आता मराठी कुटुंबे माद्रिद, बार्सिलोना, मेक्सिको सिटी अशा ठिकाणीही संसार थाटू लागली आहेत. तेथे रस्त्यावरची भाषा इंग्रजी नाही, स्पॅनिश आहे. एवढ्या एका फरकामुळे लहान मुलाच्या भाषेचा प्रश्न निराळे रूप धारण करतो. इंग्लंडात आई-वडिलांना बाहेरची भाषा अवगत असते. माद्रिदमध्ये मात्र बालवाडीत जाऊ लागलेले चार वर्षांचे मूल काही महिन्यांतच आई-वडिलांच्या पुढे निघून जाते आणि भाजीवाल्याशी बोलताना आईला शब्द सांगू लागते. आईला त्याचे कौतुक वाटते आणि थोडी भीतीही वाटते. स्पॅनिश तर येईलच, पण घरातली मराठी टिकेल का?

या भीतीपोटी काही पालक एक विचित्र तोडगा काढतात. दोघेही कार्यालयात इंग्रजी बोलतात, तेव्हा घरातही मुलाशी इंग्रजीच बोलावे, म्हणजे पुढे उपयोग होईल, असा हिशेब मांडला जातो. परिणामी बाहेर स्पॅनिश आणि घरात इंग्रजी अशी व्यवस्था होते. मराठी उरते ती नागपूर-सांगलीच्या दूरध्वनीपुरती. इंग्रजी त्या मुलाला शाळेत कधी ना कधी शिकवली जाणारच असते. मराठी मात्र आई-वडिलांवाचून त्याला त्या देशात कोणीही देणार नसते.

स्पॅनिश जगतात मराठी माणूस अगदीच नवखा नाही. वर्ध्याला १८८४ साली जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीच्या धामधुमीनंतर मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका आणि गहू यांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारल्या. हे सारे काम स्पॅनिशमधून झाले. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२ साली लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. यजमान देशाची भाषा मनापासून आत्मसात केल्याने मातृभूमीची निष्ठा पातळ होते, हा समज खानखोजे यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. त्यामुळे मुलाच्या स्पॅनिशला विरोध करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती त्याने उत्तमच बोलावी.

दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, हा दुसरा समज. एके काळी शिक्षणतज्ज्ञही असे मानत. माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी १९६२ साली केलेल्या अभ्यासात द्विभाषिक मुले मागे पडलेली आढळली नाहीत, उलट पुढे दिसली. ती पुढेच असतात की नाही, यावर अभ्यासकांत आज मतभेद आहेत; मात्र दोन भाषांमुळे नुकसान होते, असे आता कोणी जाणकार म्हणत नाही. तीन वर्षांचे मूल एकाच वाक्यात अर्धी मराठी आणि अर्धी स्पॅनिश बोलले, तर त्यात चिंतेचे काही नाही. त्याला रागावू नये. तेच वाक्य आईने सहज शुद्ध मराठीत पुन्हा म्हणावे, एवढे पुरे.

चिंता वेगळ्याच ठिकाणी हवी. बेल्जियमच्या फ्लांडर्स प्रांतात सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी करून आनिक द हाउवर या विदुषीने २००७ साली आपले निष्कर्ष मांडले. ही सारी घरे अशी की जेथे बाहेरच्या भाषेखेरीज आणखी एक भाषा पालक बोलत होते. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुले ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. कानावर पडत होती, पण जिभेवर आली नव्हती. जेथे दोन्ही पालक घरात फक्त आपलीच भाषा बोलत, तेथे जवळजवळ सर्व मुले ती बोलत. जेथे एक पालक आपली आणि दुसरा बाहेरची भाषा बोले, तेथे हे प्रमाण तीन चतुर्थांशावर उतरे. अर्थ उघड आहे. बाहेरच्या भाषेला घरात वेगळे आसन मांडण्याची गरज नसते, ती आपल्या पायांनी येते. ज्या घरात आई-वडील दोघेही मराठी आहेत, त्या घराला तर कोणतीच सबब नाही.

कानाची गोष्ट तर पाळण्यापासून सुरू होते. कॅनडात वर्कर आणि टीस यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वापरलेले ध्वनी आपल्या घरचेच होते, हिंदीतील 'ट' आणि 'त'. इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद ऐकू येत होता. वर्षाच्या आसपास तो बहुतेकांना ऐकू येईनासा झाला. स्पॅनिशमध्ये 'त' आहे, 'ट' नाही. 'ळ' नाही, 'ण' नाही, 'ख' आणि 'घ' यांसारखे महाप्राणही आपल्यासारखे नाहीत. 'ब' आणि 'व' यांत भेद नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या विजयला तेथील बाई 'बिखाय' म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण घरात बाळाला 'बाळ' म्हणणारे कोणी नसेल, तर ते स्वतःला 'बाल' म्हणू लागेल. हे व्याकरणाच्या पुस्तकाने सुधारत नाही, अंगाईने सुधारते.

व्याकरणाचीही एक गमतीदार अडचण आहे, आणि तीत कुटुंबाची स्थिती स्वच्छ दिसते. आई म्हणते, 'मी जाते'. दिवसभर आईच्याच सहवासात असलेला मुलगाही 'मी जाते, मी खाते' असे बोलू लागतो. वडील रात्री उशिरा येतात, म्हणून त्याच्या कानांवर 'मी जातो' फारसे पडतच नाही. महाराष्ट्रात काका, मामा, आजोबा, शेजारचे दादा हे काम नकळत करून टाकतात. परदेशी ते सारे वडिलांना एकट्याने करायचे असते. तेव्हा वडिलांचा रोजचा अर्धा तास मुलासाठी मराठीत राखून ठेवलेला असला पाहिजे. भ्रमणध्वनी बाजूला ठेवून, हे वेगळे सांगायला नको.

'आपण' आणि 'आम्ही' यांचेही असेच आहे. स्पॅनिशमध्ये दोहोंना मिळून एकच 'नोसोत्रोस'. काका आणि मामा दोघेही 'तिओ'. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघी 'तिआ'. नात्यांचे शब्द गेले की त्या नात्यांतले बारकावेही मुलाच्या मनातून पुसट होतात. रक्षाबंधनाला आत्या येते आणि आजोळी मामाचा हक्क असतो, हे 'तिआ' आणि 'तिओ' म्हणून कसे समजावणार? म्हणून दूरध्वनीवर बोलतानाही नात्याचा शब्द लावूनच बोलायची सवय लावावी.

येथे आपल्या संस्कारशील घरांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. मुलाला शुभंकरोती येते, मनाचे श्लोक पाठ आहेत, गणपतीची आरती घडाघडा म्हणता येते, आणि पालक कृतकृत्य होतात. पाठांतर अवश्य हवे. उच्चार त्यानेच घडतात. परंतु पाठांतर म्हणजे संभाषण नव्हे. आजीने "आज शाळेत काय झाले रे?" असे विचारल्यावर जो नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देतो किंवा आईकडे बघतो, त्याच्यापर्यंत आजीजवळचे काहीच पोहोचत नाही. तिच्या तोंडची रामाची गोष्ट नाही, कुळाचाराची माहिती नाही, तिची चेष्टामस्करीही नाही. आठवड्यातून एकदा भरणारे संस्कारवर्ग याला आधार देऊ शकतात, पर्याय होऊ शकत नाहीत.

स्पेनच्या इतिहासातच याचा एक मोठा दाखला आहे. १४९२ साली तेथून ज्यूंना हाकलून देण्यात आले. सालोनिका, इस्तंबूल अशा परमुलखांत ते विखुरले. पण ज्या देशाने हाकलले, त्याच देशाची जुनी स्पॅनिश त्यांनी घरात चारशेहून अधिक वर्षे जपली. लादिनो या नावाने ती ओळखली जाते. तिला कोणत्याही राज्याचा आश्रय नव्हता. स्वयंपाकघर, लग्नाची गाणी आणि म्हाताऱ्यांच्या म्हणी हाच तिचा आश्रय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुले फ्रेंच शाळांत जाऊ लागली, सुशिक्षित घरांना लादिनो मागासलेली वाटू लागली आणि आया मुलांशी फ्रेंच बोलू लागल्या. पुढे नाझींच्या नरसंहारात सालोनिकाचा बहुतेक सारा समाज नष्ट झाला. त्या क्रौर्याची जबाबदारी निःसंशय मारेकऱ्यांवर आहे. पण भाषेची गळती त्याआधीच, घरातल्या घरात सुरू झालेली होती.

बार्सिलोनाला जाणाऱ्यांना हीच गोष्ट जवळून पाहायला मिळेल. फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, कॅटलान भाषेला शाळा आणि शासन यांतून हद्दपार करण्यात आले होते. तरी कॅटलान घरांनी ती सोडली नाही. १९८३च्या कायद्याने ती शाळांत सन्मानाने परतली. अशा शेजाऱ्यांना, आम्ही घरात मुलाशी आमची भाषा बोलतो, हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे मराठी मुलाच्या वाट्याला कॅटलानही येते, आणि मुले तिला घाबरत नाहीत. घाबरतात ते पालक.

मुलाला आपल्या दोन भाषांचे नातेही दाखवावे. स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच. 'दोस' आणि दोन, 'त्रेस' आणि तीन, हे शेजारी ठेवले की पाच वर्षांचे मूल हरखून जाते. साखरेचा 'आसुकार' आपल्या शर्करेचा, नारिंगाचा 'नारान्खा' आपल्या नारंगाचा आणि बुद्धिबळाचा 'आखेद्रेस' आपल्या चतुरंगाचा. हे शब्द पर्शियन आणि अरबी वाटेने तिकडे गेले. उलट पोर्तुगीजांमुळे पगार, चावी, बटाटा हे शब्द गोव्याच्या किनाऱ्यावरून मराठीत शिरले. त्यांची भावंडे मुलाला तेथील बाजारात रोज भेटतील. आपली भाषा एका कोपऱ्यात पडलेली नाही, हे त्याला असे कळते.

आता एक व्यवहाराची गोष्ट. स्पेनमधील शाळांना साधारणपणे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सुटी असते. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो आणि शाळा भरलेल्या असतात. बहुतेक कुटुंबे या सुटीत पंधरा दिवस येतात आणि ते लग्ने, खरेदी व तीर्थयात्रा यांत संपवतात. त्याऐवजी मुलाला आजोळी पाच-सहा आठवडे ठेवावे. ओळखीच्या मुख्याध्यापकांना विनंती करून जवळच्या मराठी शाळेत किंवा बालवाडीत बसू द्यावे. चुलत-मामे भावंडांबरोबर चिखलात खेळू द्यावे, आषाढी आणि नागपंचमी पाहू द्यावी, गोकुळाष्टमी सुटीत येत असेल तर दहीहंडीही. पहिला आठवडा ते गप्प राहील. आजीने त्या आठवड्यात घाई करू नये आणि मुलाच्या आईने मध्ये पडून भाषांतर करू नये.