पिल्लाचा दात

मंडळी, राखणीला कुत्रं हवं, हे सगळ्यांना पटतं. पण पिल्लू खेळता खेळता पोराच्या हाताला दात लावतं, तेव्हा काय करायचं? कोणी काठी उचलतो. काठीनं पिल्लू भितं, शिकत नाही. आणि भ्यालेलं कुत्रंच पुढं चावरं होतं.

दात लागला की खेळ तिथंच थांबवा. हात काढून घ्या, तोंड फिरवा. शांत बसलं की भाकरीचा तुकडा द्या. घरातल्या सगळ्यांनी असंच करावं. एकाचा लाड अन् दुसऱ्याची लाथ, हे चालायचं नाही. पाहुणे तर दोन्ही करतात! त्यांनाही सांगा.

तीन महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून आणा.

तरी दात लागून खरचटलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या 14 सुया 2004 सालीच बंद झाल्या. आता दंडावर चार-पाच खेपा टोचतात. रोगाची लक्षणं दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. पुढच्या खेपांच्या तारखा कागदावर लिहून देतात. त्या वाचा, एकही चुकवू नका.