तीन महिने घर कोण बघंल?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. अनेक गटांनी मागणी केली म्हणून त्याचा मजकूर इथे देत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. गटाच्या बैठकीत बोलते तेवढंच. पण मागच्या महिन्यात शेजारच्या गावातली एक ताई माझ्याकडं आली. डॉक्टरांनी तिला बायपास सांगितली आहे. कागद पिशवीतच होते. मला म्हणाली, "अक्का, ऑपरेशनला मी भीत नाही. पण तीन महिने घर कोण बघंल? पोरीचं लगीन होऊ द्या, मग बघू."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. दोन वर्षांमागं मी बी हेच म्हणलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज उभी राहिले आहे. आणि ते उत्तर माझ्या एकटीचं नाही, तुमच्या सगळ्यांचं आहे.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यात कंधार तालुक्यात, सासर लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात. ऑपरेशन झालं तेव्हा मी ४८ वर्षांची होते. आठ वर्षांपासून शुगर आणि बीपी, आणि लहानपणापासून मिश्रीची सवय. मला छातीत कळ अशी कधी आलीच नाही. पाठ दुखायची, जबडा दुखायचा, घागर आणताना दम लागायचा, दुपारी अंगात त्राण राहायचं नाही. मी पित्त समजून खायचा सोडा पीत होते. बाईमाणसाला हृदयाचा त्रास पुष्कळदा असाच येतो. दम, मळमळ, घाम, जबडा-खांदा-पाठ दुखणं, कारण नसताना थकवा. असं होत असेल तर ईसीजी काढून घ्या, आणि अचानक झालं तर सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा.

आता बायपास म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून चरबीनं बुजतात. गावात वाहनांची कोंडी झाली की बाहेरून बायपास रस्ता काढतात ना, तसंच. पायातली नाहीतर छातीच्या आतली शीर घेऊन बुजलेल्या जागेच्या पुढं जोडतात आणि रक्ताला नवी वाट करून देतात. हे ऑपरेशन ज्यांनी रूढ केलं ते डॉक्टर रेने फावालोरो. अर्जेंटिना देशातले. त्याआधी बारा वर्षं ते एका खेड्यात डॉक्टर होते. गावातल्या सुईणींना शिकवायचे, कुणाचा रक्तगट काय हे लिहून ठेवायचे आणि वेळ पडली की त्या माणसाला बोलवायचे. १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला त्यांनी पायाची शीर वापरून हे ऑपरेशन केलं, तेव्हा पेशंट एक ५१ वर्षांची बाई होती. म्हणजे हे ऑपरेशन फक्त मोठ्या शहरातल्या साहेब लोकांचं नाही. आपलं बी आहे.

ऑपरेशन डॉक्टर चार-पाच तासांत करतात. पण ते करायला छातीच्या मधलं हाड कापावं लागतं आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. हे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीन महिने. माझं चुकलं ते इथंच.

दवाखान्यातून सुटी देताना इंग्रजीत लिहिलेला कागद हातात दिला. त्यात काय आहे ते कुणी सांगितलं नाही आणि मी बी विचारलं नाही. घरी आले तर पाव्हणे म्हणायचे, "हलू नको, टाका तुटंल." मी पंधरा दिवस खाटेवरच पडून राहिले. पाय सुजले, खोकला झाला, भूक गेली. आणि एकोणिसाव्या दिवशी नळाला पाणी आलं. घरात कुणी नव्हतं. आमच्याकडं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, ते सोडवत नाही. भरलेली घागर उचलली आणि छातीत कट्ट असा आवाज आला. तिसऱ्या दिवशी ताप, जखमेतून पू. परत दवाखाना, परत बारा दिवस.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "तुम्ही दोन्हीकडून चुकलात. चालायचं होतं तेव्हा झोपून राहिलात, आणि उचलायचं नव्हतं ते उचललंत."

मायांनो, हेच एक वाक्य घरी घेऊन जा. बायपासनंतर चालायचं रोज, उचलायचं काही नाही.

पूर्वी मोठमोठे डॉक्टर बी हृदयाच्या पेशंटला सहा-सहा आठवडे अंथरुणावर ठेवायचे. १९५२ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी हार्ट अटॅक आलेल्या पेशंटना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, आणि पेशंट जास्त चांगले राहिले. आता तर ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच उठवून बसवतात. पडून राहिलं की फुफ्फुसात कफ साचतो, पायात रक्त गोठू शकतं, अंगातली ताकद जाते.

मी चालायला सुरुवात केली ती लाईटच्या खांबांवरून. पहिल्या दिवशी दारातून पहिल्या खांबापर्यंत आणि परत. असं दिवसातून तीन-चारदा, पाच-पाच मिनिटं. दोन दिवसांनी एखादा मिनिट वाढवायचा. गटाच्या सचिवताईनं मला जुन्या वहीतलं एक पान आखून दिलं. तारीख, किती खांब, दम लागला का. सहा आठवडे झाल्यावर मी सलग अर्धा तास चालत होते. किती जोरात चालायचं? चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर कमी करा. जेवणानंतर लगेच चालायचं नाही. आपल्याकडं मार्चपासून ऊन तापतं, म्हणून सकाळी उन्हाच्या आत आणि संध्याकाळी दिवस कलल्यावर. दवाखान्यात तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं प्लास्टिकचं यंत्र देतात, ते घरी आल्यावर माळ्यावर टाकू नका. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात. त्यानं फुफ्फुस मोकळं होतं.

आता उचलायचं काय नाही ते सांगते. डॉक्टर म्हणतात, चार-पाच किलोपेक्षा जास्त नाही. पण आपल्याला किलो कळत नाहीत, कामं कळतात. भरलेली घागर नाही, बादली नाही, हापसा नाही. ओले कपडे पिळणं नाही. भाकरीचं पीठ मळणं नाही, त्यात छातीवर लई जोर येतो. नातवाला कडेवर घेणं नाही. तो रडला तर आपण खाली बसायचं नाही, खुर्चीवर बसून त्याला जवळ घ्यायचं. भाजी निवडणं, तांदूळ निवडणं, ताट वाढणं हे चालतं. मोटारसायकलवर मागं बसून खड्ड्यातून जाणं सहा-आठ आठवडे नको.

खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना हातावर जोर द्यायचा नाही. कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे आणि घरच्यांनी पाठीला आधार द्यायचा, हात धरून ओढायचं नाही. झोळ पडलेल्या बाजेपेक्षा सपाट दिवाण बरा. संडासात खाली बसून उठताना जोर येतो, म्हणून मधे भोक पाडलेली खुर्ची ठेवा, आमच्या सुतारानं जुन्या खुर्चीची करून दिली. ही दुसरी गोष्ट बायका लाजेनं विचारत नाहीत. छातीच्या वजनानं टाके ओढले जातात आणि खाली घाम साचतो. म्हणून समोरून हुक असलेली, आधार देणारी सुती चोळी दिवसरात्र घालायची आणि टाक्याची जागा धुऊन कोरडी ठेवायची. नवऱ्याशी संबंध कधी, हे बी विचारा. बहुतेकींना सहा-आठ आठवड्यांनी चालतं, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. तोवर घरात स्पष्ट सांगायचं.

शीर काढलेला पाय थोडा सुजतो, तो बसताना उंचावर ठेवा. पण ताप आला, जखम लाल झाली नाहीतर पू आला, छातीचं हाड कटकट वाजलं, एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं तर लगेच १०८.

गोळ्यांचं सांगते. मला बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद, असं करू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या, चरबीच्या, बीपीच्या गोळ्या नव्या नळ्या उघड्या ठेवतात. उपवासाच्या दिवशी बी गोळी चुकवायची नाही, आणि शुगर असेल तर उपवास डॉक्टरांना विचारून. आणि मिश्री! मी पस्तीस वर्षं मिश्री लावली. तंबाखू दातावर घासली काय, तोंडात धरली काय, विष रक्तातच जातं. नवी नळी बसवून परत तीच बुजवायची असेल तर एवढं ऑपरेशन कशाला? मी सोडली. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. बडीशेप तोंडात ठेवली. पापड, लोणचं, खारे पदार्थ कमी केले. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आपलंच जेवण आहे, तेवढं पुरे. फक्त तेल मोजून घ्यायचं.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. घरी आल्यावर मला उगाच रडू यायचं. झोप नाही, मी घरावर ओझं झाले असं वाटायचं. मला वाटलं माझं डोकंच फिरलं. नंतर कळलं की बायपासनंतर पुष्कळांना असं होतं आणि काही आठवड्यांत कमी होतं. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, त्याला बी औषध आहे. माझ्याजवळ येऊन नुसत्या बसणाऱ्या बायकांनी मला त्यातून काढलं.

पैशाचं सांगते, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आहे. ही योजना जीवनदायी या नावानं २ जुलै २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. लातूरला २०१३ च्या अखेरीस आली. आता वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आधी त्याला भेटा. टोल फ्री नंबर १५५३८८. सुटीनंतरच्या तपासण्या योजनेत बसतात का, हे बी सुटीच्या आधीच विचारून घ्या.

पण योजना घागर भरत नाही. ती माझ्या गटानं भरली. दुसऱ्यांदा घरी आले तेव्हा गटाच्या बैठकीत ठरलं की दहा बायका, पाळीपाळीनं, एक दिवस एकीचा. पाणी भरायचं आणि माझ्याबरोबर खांब मोजत चालायचं. भाकरी माझा मुलगा आणि मालक शिकले. पहिल्या भाकरी जाड झाल्या, पण खाल्ल्या. माझे तीन हप्ते गटानं पुढं ढकलले. ग्रामसंघानं जोखीम प्रवणता निधीतून औषधाला आणि जाण्यायेण्याला पैसे दिले. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी होय म्हणल्यावर हळूहळू कामाला लागले, आणि त्याच वर्षी सोयाबीनच्या काढणीला शेतात होते. आज रोज तीन-चार किलोमीटर चालते.

माझ्या गावात एका माणसाची बायपास झाली. त्याला तीन महिने कुणी तांब्या उचलू दिला नाही. बरोबरच केलं. मग बाईलाच का म्हणायचं, "जमंल तेवढं कर"? तिच्या छातीचं हाड लवकर जुळतं का?

म्हणून या सभेपुढं माझी विनंती आहे. आपल्या गटातल्या बाईचं मोठं ऑपरेशन ठरलं की त्याच आठवड्याच्या बैठकीत चार गोष्टी वहीत लिहायच्या: पाणी कोण भरणार, तिच्याबरोबर कोण चालणार, हप्त्याचं काय, आणि सुटीचा कागद कोण वाचून समजावून घेणार. त्या बैठकीला तिच्या मालकाला आणि मुलांना बी बोलवायचं. अध्यक्षताईंनी हा ठराव मांडावा.

त्या ताईचा गट आज इथं बसलेला आहे. तिला घेऊन परवा मी आरोग्यमित्राकडं जाणार आहे. पहिल्या आठवड्याचं पाणी मी भरते. पुढच्या आठवड्यांची नावं जेवायला उठायच्या आधी माझ्याकडं लिहून द्या.