चप्पल आमची, नाव कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी दोन शब्द बोलावेत असा मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवी. शाळेत पंधरा ऑगस्टला एकदा भाषण पाठ केले होते, तेही मध्येच विसरले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "चपलेवरच बोला, तिथे तुम्हाला कोण हरवणार?" म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

विषय मात्र त्यांनी भारी दिला आहे: व्यापाऱ्यांची संस्था आणि आपल्या भागाची उन्नती. खरे सांगते, चेंबर म्हणजे शेठ मंडळींनी जमावे, चहा घ्यावा आणि कराविरुद्ध ठराव करावा, अशीच माझी समजूत होती. ती २०२५ च्या जूनमध्ये बदलावी लागली, निदान अर्धी.

त्या महिन्यात इटलीतल्या मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या कंपनीने कपड्यांचा थाट मांडला आणि तरण्या पोरांच्या पायांत आपली चप्पल घातली. तोच अंगठा, तेच कान. नाव मात्र नुसते 'चामड्याची सँडल'. कोल्हापूरचा उच्चार नाही. माझ्या मुलीने मोबाईलवर ते चित्र दाखवले तेव्हा मी वेणीच घालत होते. मी म्हटले, "अगं, ही तर आपली!" ती म्हणाली, "आई, आपली म्हणून कुठं लिहिलंय?"

पोरीच्या तोंडून सहज गेले, पण मला ते लागले.

मग 'महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चर' ह्या संस्थेने त्या कंपनीला पत्र लिहिले. ही संस्था सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९२७ साली उभी केली. तेव्हाचे अध्यक्ष ललित गांधी आपल्या कोल्हापूरचेच. ही चप्पल कोणाची, ती किती घरे पोसते आणि तिला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, हे कंपनीला कळवले गेले. हे मानांकन दोन राज्यांचे मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात येतात. काही दिवसांतच कंपनीचे उत्तर आले की, होय, ही कल्पना हिंदुस्थानच्या परंपरागत चपलेवरूनच घेतली आहे, आणि कारागिरांशी बोलायला आम्ही तयार आहोत. जुलैत त्यांची माणसे कोल्हापुरात येऊनही गेली.

आता विचार करा, हेच पत्र मी लिहिले असते तर? किंवा आमच्या गल्लीतल्या दहा घरांनी मिळून लिहिले असते तर? टपाल हशिलही वाया गेले असते. एकट्या कारागिराचा आवाज वेशीपर्यंत जात नाही. संस्थेचा कागद मिलानपर्यंत जातो. हा गुण मी मोकळ्या मनाने मान्य करते.

त्याच जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयात कोणी अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, तुम्ही कोण, असा त्याचा भावार्थ. मानांकन आहे दोन राज्यांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्याच महामंडळांशी कंपनीचा करार झाला. दोन हजार जोड इकडच्या कारागिरांकडून करवून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना एक ह्या भावाने विकायचे, असे ठरले. म्हणजे आपले ऐंशी हजारांवर रुपये! जोडामागे वेणीवालीला काय मिळते ते मी इथे सांगत नाही. ज्या घालतात त्यांना ठाऊक आहे, आणि ज्या घालत नाहीत त्यांचा विश्वास बसणार नाही.

आमचे चर्मकाराचे घर. चामडे कापणे आणि तळ शिवणे ही बहुधा पुरुषांची कामे. वादी काढणे, वेणी घालणे, गोंडा करणे हे आम्हा बायकांकडे. स्वयंपाक उरकला की बसायचे. आत्याबाई माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने वेणी घालीत आणि बोलता बोलता खाली न पाहता घालीत. त्यांची वेणी पावसाळे सोसूनही उसवत नसे. चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले, त्यात खिळा नाही. अधूनमधून तेल लावावे, झिजली की तळ बदलून घ्यावा. हल्ली 'पर्यावरणपूरक' हा शब्द फार ऐकू येतो. आत्याबाईंना तो ठाऊक नव्हता. त्या गेल्या तेव्हा चाळीस वर्षांची त्यांची कारागिरी रेशनकार्डापलीकडे कुठल्याही कागदावर नव्हती, आणि त्या कार्डावरही 'घरकाम'.

माझी तरी वेगळी कथा आहे का? काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात प्रदर्शनातल्या गाळ्यासाठी विचारायला गेले. तिथले गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "बाई, कारागिराला पाठवा." मी म्हटले, "मीच ती." त्यांनी यादी पाहिली. यादीत आमच्या ह्यांचे नाव होते. मी परत आले. भांडायला हवे होते असे आज वाटते.

म्हणून म्हणते, माझे मत अर्धेच बदलले. चेंबरने परक्या कंपनीकडून कोल्हापूरचे नाव वदवून घेतले, फार चांगले केले. पण घराघरांतल्या बायकांची नावे कोण वदवून घेणार? पाहुणे आले ते कारखान्यांत फिरले. आमच्या गल्लीत आले नाहीत, आणि त्यांना कोणी आणलेही नाही. भागाची उन्नती मोजताना नुसता किती माल गेला एवढे मोजून भागणार नाही. माझी मुलगी बारावीला आहे. वेणी तिला उत्तम येते, पण हा धंदा करणार नाही म्हणते. मी तिला दोष देत नाही. जिथे दाम नाही आणि नावही नाही, तिथे पोरीने का बसावे? चामडे महाग झाले, रेक्झिनच्या नकली चपला 'कोल्हापुरी' म्हणून रस्त्यावर आल्या, हे सगळे खरे. पण पुढची पिढी उठून गेली तर मानांकनाचा कागद भिंतीला लावून काय करायचे?

एक वाट दिसते आहे. आपल्या महामंडळाने चपलेला एक चौकोनी खूण लावायला घेतली आहे, तिला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईल धरला की ती चप्पल कोणत्या कारागिराची किंवा कोणत्या बचत गटाची ते दिसते. बचत गटाची, हे नीट ऐका! आपल्या मंडळातच वेणी घालणाऱ्या चौदा जणी आहेत, मी मोजल्या आहेत. केंद्र सरकारचे कारागिरांसाठी 'पहचान' नावाचे ओळखपत्रही आहे, ते बाईला स्वतःच्या नावाने मागता येते. माझा अर्ज मी गेल्या महिन्यात भरला. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहू लागले होते. मुलीने हात धरला आणि 'चप्पल कारागीर' लिहायला लावले.

चेंबरच्या मंडळींना मंडळातर्फे एक पत्र जावे, अशी माझी सूचना आहे. तुम्ही मिलानला लिहिलेत, आता आमच्या गल्लीत एक दिवस या, चौदा जणींची नोंद करून द्या आणि वेणीचा दर व्यापाऱ्यांसमोर बसून ठरवा. मजकूर मी सांगेन, अक्षर मात्र चिटणीसबाईंचे असू द्या, माझे कोणाला लागत नाही. ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी तीनला आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन माझ्याकडे यावे. चहा मी करीन.