शेजारचं केंद्र आणि आपली वही
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला 'पंचवीस वर्षांच्या आठवणी' असा विषय दिला होता. लिफ्ट कशी आली, पाण्याच्या टाकीवरून किती भांडणं झाली, हे इतर वक्ते सांगतीलच. मी आठ वर्षं खजिनदार होतो. त्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगणार आहे.

आपल्या मागच्या भिंतीला लागून जी तीन मजली इमारत आहे, तिथे २०२१च्या अखेरीस वृद्धांच्या देखभालीचं केंद्र सुरू झालं. स्मृतिभ्रंश झालेले, अंथरुणाला खिळलेले असे वीसेक जण तिथे राहायला आले. सुरुवातीला आपण कौतुकच केलं. मग पहिल्या महिन्यातच वरच्या गॅलरीतून एक स्टीलचा पेला खाली आला. त्यानंतर चपला, बादली, एकदा तर तुळशीची कुंडी. रात्री दोन-दोन वाजता आरडाओरडा. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे मोठ्या माणसांचे डायपर गटारात टाकल्यामुळे चेंबर तुंबायचं आणि घाण पाणी आपल्या पार्किंगमध्ये यायचं. तळमजल्यावरच्या वहिनींनी किती वेळा फिनेल ओतलं, ते त्यांनाच माहीत.

जन्म बँकेत गेल्यामुळे मी एक वही घातली. तारीख, वेळ, काय पडलं, कोणी पाहिलं, खर्च किती. अकरा महिन्यांचा हिशोब असा : गाडीची पुढची काच ९,२०० रुपये, सायकल शेडचे दोन पत्रे ३,४००, खिडक्यांची तावदानं १,८५०, चेंबर चार वेळा साफ करून घेतलं त्याचे ६,०००. एकूण २०,४५० रुपये. झोपमोडीचा रकाना वहीत नव्हता.

आपण विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. 'सदर केंद्र येथून तत्काळ हटवण्यात यावे' असा ठराव झाला. मसुदा माझा होता. सभेत कोणी म्हणालं, "यांना सगळ्यांना ठाण्याला पाठवा." सगळे हसले. मीही हसलो. ठाण्याचं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं, आणि आपल्या मुंबईकरांचा हा विनोदही तितकाच जुना असावा. ठराव एकमताने मंजूर झाला.

ठराव घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तक्रार कोणावर लिहू? ज्यांना आपण काय करतोय हेच कळत नाही, त्यांच्यावर?" त्यांचं बरोबर होतं. मनोविकारामुळे आपल्या कृत्याचं स्वरूपच न कळणाऱ्या माणसाला कायदा अपराधी मानत नाही. तेव्हा ते दंड संहितेचं कलम ८४ होतं, आता न्याय संहितेचं कलम २२ आहे. साहेब म्हणाले, नुकसानभरपाई हा दिवाणी मामला आहे, आणि देखभाल नीट झाली की नाही, हे केंद्र चालवणाऱ्यांना विचारा.

घरी येऊन मी मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ वाचून काढला. त्याच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर विकारही येतो. कलम १९ सांगतं की अशा माणसाला समाजात राहण्याचा, समाजापासून वेगळं न काढलं जाण्याचा हक्क आहे. म्हणजे माझा ठराव कागदावर कितीही शुद्ध असला, तरी त्याला पाया नव्हता. पण त्याच कायद्यातलं कलम ६५ म्हणतं की अशा रुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे. हे आपल्या कामाचं होतं.

आता माझी चूक. त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्या दारात आले. हातात पाकीट. म्हणाले, "काका, गाडीची काच माझ्या वडिलांनी फोडली. हे नऊ हजार दोनशे. फक्त तक्रार पुढे नेऊ नका. याआधी दोन ठिकाणांहून त्यांना परत पाठवलंय."

त्यांचे वडील गिरणी कामगार. १९८२च्या संपापर्यंत रात्रपाळी केलेली. आता रात्र झाली की ते उठतात, पाळी चुकतेय म्हणतात, दार उघडा म्हणून ओरडतात आणि दार उघडलं नाही की हाताला येईल ते फेकतात. आपण अकरा महिने जो आवाज ऐकत होतो, तो कामावर जायला निघालेल्या माणसाचा होता.

मी पैसे मोजून घेतले आणि पावती दिली. बँकेत असं केलं असतं तर वरिष्ठांनी विचारलं असतं, देणेकरी कोण आणि घेतलेत कोणाकडून? देणं केंद्राचं होतं. रात्री वीस रुग्णांमागे एकच सेवक ठेवला, गॅलरीला जाळी लावली नाही, ही जबाबदारी त्यांची. मी मात्र ते एका अडलेल्या मुलाकडून वसूल केलं.

पुढच्या सभेत मी माझाच ठराव मागे घेण्याची सूचना मांडली. बरीच बोलणी खाल्ली, पण सूचना मंजूर झाली. मग आपण केंद्राच्या व्यवस्थापकांना आणि तिथे येणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर वही ठेवली. मागण्या पाचच, आणि लेखी. नोंदणीचा दाखला दाखवा. आमच्या बाजूच्या गॅलऱ्यांना जाळी बसवा. रात्री दोन सेवक ठेवा आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर द्या. डायपर वेगळे गोळा करा, चेंबर दर महिन्याला स्वखर्चाने साफ करा. झालेलं नुकसान केंद्राने चेकने भरून द्या.

आवाजाबद्दलही बोलणं झालं. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती आपण त्यांच्या जनरेटरला लावली, तो दुसऱ्या बाजूला हलवून घेतला. माणसाच्या ओरडण्याला डेसिबल लावायला मन धजावलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात संध्याकाळनंतर अस्वस्थता वाढते, अशा वेळी माणसाला कोंडलं तर ती आणखी वाढते. त्यांनी त्या आजोबांची खोली बदलली. एक सेवक त्यांना रात्री जेवणानंतर खालच्या आवारात दोन फेऱ्या मारून आणू लागला. कामावर जाऊन आल्यासारखं वाटून ते बरेचदा झोपायचे.

जाळी दीड महिन्याने लागली. चेक तीन स्मरणपत्रांनंतर आला. तो आल्यावर मी त्या मुलाचे ९,२०० रुपये व्हाउचर करून परत केले. ते घेईनात. मी म्हटलं, "घ्या, नाहीतर माझा हिशोब जुळत नाही."

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. अजूनही एखाद्या रात्री आवाज येतो. पहिल्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने मुलीच्या दहावीच्या वर्षी झोपायची खोली बदलली, त्यांचा त्रास आपण भरून देऊ शकलो नाही. ते आजोबा गेल्या वर्षी पावसाळ्यात गेले. कमिटीतले आम्ही तिघे भेटायला गेलो होतो.

मित्रहो, आपण जोगेश्वरीकर. जानेवारी १९९३ ज्यांनी इथे काढला, त्यांना शेजाऱ्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी केवढ्याला पडतात हे सांगायला नको. आपण अकरा महिने भिंतीपलीकडे न जाता बोलत होतो. पलीकडे जायला दोन मिनिटं लागतात.

२०००मध्ये सोसायटी नोंदली तेव्हा या सभेतले बहुतेक जण चाळिशीत होते. आज पुढच्या दोन रांगा पाहा. पहिल्या रांगेत मीही आहे. उद्या आपल्यापैकी कोणाला अशा केंद्रात जावं लागलं, तर ते अंधेरी-जोगेश्वरीतच, मुलांना रोज येता येईल इतकं जवळ असावं, असंच आपण म्हणू. म्हणजे ते कोणाच्या तरी भिंतीला लागूनच असणार.

नव्या कमिटीला एकच विनंती. ती वही कपाटात डाव्या खणात आहे. नोंदी चालू ठेवा, पैसे जबाबदार माणसाकडूनच मागा आणि तीन महिन्यांनी होणारी संयुक्त बैठक चुकवू नका. बैठकीला जाताना पहिल्या मजल्यावरच्या कोणाला तरी बरोबर घ्या.