शाईचा थेंब, विद्युत परिपथ आणि पेटंटची परीक्षा



दुधाच्या पिशवीवरील तारीख, औषधाच्या खोक्यावरील तुकडी क्रमांक, सुरतच्या कापडावरील नक्षी, मोरबीच्या फरशीवरील संगमरवरी छटा आणि गावोगावच्या चौकांतील फ्लेक्स फलक या सर्वांना जोडणारा एक धागा आहे. शाईचे अतिसूक्ष्म थेंब फेकून छपाई करणारे इंकजेट तंत्र आज या सर्व ठिकाणी पोहोचले आहे. थेंब केव्हा सुटावा, किती मोठा असावा आणि किती वेगाने जावा, हे यंत्रातील मुद्रणशीर्षाला, म्हणजे प्रिंट हेडला, विद्युत स्पंद पुरविणारा परिपथ ठरवितो. अशा परिपथात कोणी सुधारणा केली, की ती पेटंट कार्यालयात अर्जाच्या रूपाने येते आणि तेथे तिची परीक्षा होते.

ही परीक्षा वरकरणी तांत्रिक वाटते; परंतु तिचे परिणाम व्यापक असतात. अपात्र अर्जास पेटंट मिळाले, तर सर्वांच्या मालकीचे ज्ञान एका कंपनीच्या कुंपणात जाते. पात्र अर्ज नाकारला गेला, तर संशोधकाचे श्रम व भांडवल वाया जाते आणि पुढील संशोधक आपला शोध उघड करण्यास कचरतो. या दोन्ही चुका टाळण्याचे साधन एकच आहे, ते म्हणजे कारणांसह केलेले काटेकोर परीक्षण. इंकजेटच्या परिपथाचे उदाहरण घेतल्यास हे तत्त्व स्पष्टपणे समजते.

थेंब कसा सुटतो?

इंकजेटच्या मागणीनुसार थेंब सोडणाऱ्या तंत्राचे दोन प्रमुख प्रकार आहेत. औष्णिक प्रकारात प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म रोध असतो. त्यातून काही मायक्रोसेकंद विद्युतप्रवाह सोडला, की त्यास लागून असलेल्या शाईच्या पातळ थराचे तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो. दुसऱ्या प्रकारात पिझोइलेक्ट्रिक पदार्थ वापरतात. विद्युतदाब दिला असता हा पदार्थ किंचित आकार बदलतो आणि शाईच्या कोठडीवर दाब निर्माण करतो. थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर एवढे असते. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग होय.

एका शीर्षावर शेकडो किंवा हजारो छिद्रे असतात, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. प्रत्येक छिद्रासाठी स्वतंत्र तार ओढणे व्यवहार्य नसते. म्हणून छिद्रांचे गट पाडून, ओळी व स्तंभांच्या जाळीतून त्यांना आज्ञा दिली जाते आणि स्विचचे काम करणारे ट्रान्झिस्टर शीर्षावरील चिपमध्येच बसविले जातात. पिझो घटक विद्युतदृष्ट्या कपॅसिटरसारखा वागतो. त्यामुळे एकाच क्षणी दहा छिद्रे चालविणे आणि पाचशे छिद्रे चालविणे यांत परिपथावरील भार पूर्णतः बदलतो, आणि भार बदलला की विद्युत स्पंदाचा आकारही बिघडतो. थेंब सुटल्यावर कोठडीतील शाई काही काळ हिंदकळत राहते. ती शांत होण्यापूर्वी पुढचा थेंब सोडल्यास त्याचा वेग व आकार चुकतो. स्पंद वाढविणाऱ्या वर्धकात उष्णता निर्माण होते, तिचा निचरा हाही स्वतंत्र प्रश्न आहे. भार, हिंदकळणे, उष्णता आणि तारांची गर्दी या चार अडचणींभोवतीच या क्षेत्रातील बरेचसे अर्ज फिरत असतात.

पूर्वज्ञानाचा साठा

अर्ज हाती आल्यावर परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो: हे आधी कोठे प्रसिद्ध झाले आहे काय? इंकजेटचा इतिहास मोठा असल्याने हा शोध सोपा नसतो. स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट यांना वैद्यकीय संकेत शाईच्या सूक्ष्म धारेने कागदावर उमटविणाऱ्या उपकरणाचे अमेरिकी पेटंट १९५१ मध्ये मिळाले. याच संशोधकाने पुढे १९५८ मध्ये शरीरात बसविता येणारा पहिला हृदय-गतिनियामक बनविला. १९७२ मध्ये स्टीव्हन झोल्टन यांच्या पिझो नळीच्या रचनेला पेटंट मिळाले. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत तापलेल्या डाखणीचा सुईला स्पर्श झाल्याने शाई उडाल्याचे निरीक्षण झाले व त्यातून बुडबुड्याच्या तंत्राची वाट खुली झाली. ह्युलेट-पॅकार्डने १९८४ मध्ये थिंकजेट हा मुद्रक बाजारात आणला.

या दीर्घ कालखंडात साचलेली पेटंटे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रामुख्याने ‘बी ४१ जे’ या उपवर्गात आढळतात. दाबाने थेंब सोडणाऱ्या रचनांसाठी त्यात ‘२/०४५’ हा गट आहे. मात्र तेवढेच पाहून भागत नाही. वर्धक, स्विच व स्पंदनिर्मिती यांचे पूर्वज्ञान इलेक्ट्रॉनिक्सच्या इतर वर्गांतही विखुरलेले असते. भारतीय कायद्यानुसार जगात कोठेही, कोणत्याही भाषेत झालेले पूर्वप्रकाशन नवीनतेला बाधक ठरते. येथे विद्यार्थ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. पेटंटची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षांची असते. मुदत संपलेल्या पेटंटांतील ज्ञान कोणालाही विनामूल्य वापरता येते. परीक्षकासाठी जो पुरावा, तोच लहान उद्योजकासाठी खुला ग्रंथसंग्रह असतो.

कायद्याची चाळणी

भारतात १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १९९९, २००२ आणि २००५ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्यानुसार शोध नवीन असावा लागतो, त्यात कल्पकतेची पायरी असावी लागते आणि तो उद्योगात उपयोगी पडणारा असावा लागतो. कल्पकतेच्या पायरीची व्याख्या दुपदरी आहे. प्रचलित ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे. शिवाय त्या क्षेत्रातील कुशल व्यक्तीला तो शोध सहज सुचण्याजोगा नसावा.

या निकषांखेरीज कलम ३ ची चाळणी आहे. त्यातील तीन खंड परिपथांच्या संदर्भात वारंवार उपस्थित होतात. ‘एफ’ खंडानुसार, आपापले काम पूर्वीप्रमाणेच स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ मांडणी वा पुनर्मांडणी हा शोध ठरत नाही. ज्ञात वर्धकाशेजारी ज्ञात पंखा बसविला आणि दोघांनी आपापलेच काम केले, तर त्यास पेटंट मिळू नये. ‘के’ खंड संगणक आज्ञावलीला केवळ आज्ञावली म्हणून आणि गणनविधीला पेटंट नाकारतो. स्पंदाचा आकार ठरविणारी प्रक्रिया आज्ञावलीच्या रूपात असेल, तर हा प्रश्न हमखास येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखविणाऱ्या शोधाला या खंडाची सरसकट आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. ‘ओ’ खंडानुसार एकात्मिक परिपथाच्या भौमितिक रचनेला पेटंट मिळत नाही. तिच्यासाठी २००० चा अर्धसंवाहक एकात्मिक परिपथ मांडणी-आराखडा कायदा असून त्याखालील संरक्षण १० वर्षांचे आहे. परिपथ काय कार्य करतो हा पेटंटचा विषय, तर चिपवर तो कसा रेखाटला आहे हा दुसऱ्या कायद्याचा विषय, हा भेद परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात दिलेला निर्णय आजही मार्गदर्शक मानला जातो. वाद भांडी कातताना ती यंत्रावर धरून ठेवण्याच्या साधनाचा होता. ज्ञात वस्तूंच्या जुळणीतील सुधारणा ही कारखान्यातील नेहमीच्या कारागिरीच्या पलीकडची असली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने मांडले. भांड्यांच्या कारखान्यासाठी सांगितलेला हा निकष मुद्रणशीर्षाच्या परिपथालाही तंतोतंत लागू पडतो.

एका काल्पनिक अर्जाची परीक्षा

समजा, पिझो मुद्रणशीर्षासाठी एक अर्ज आला आहे. दाव्यात स्पंदनिर्माता, वर्धक आणि प्रत्येक छिद्रासाठी स्विच आहे. त्याशिवाय एक नियंत्रक आहे. पुढील क्षणी किती छिद्रे चालणार आहेत हे तो आधी मोजतो आणि ‘त्यानुसार स्पंदात बदल करतो’. शोध घेतल्यावर परीक्षकास दोन जुने दस्तऐवज सापडतात. पहिल्यात पिझो शीर्षाचा सर्व परिपथ आहे, परंतु मोजणी नाही. दुसऱ्यात औष्णिक शीर्षात छिद्रांची मोजणी करून, विद्युतदाब घटत असल्यास स्पंद अधिक काळ चालू ठेवण्याची युक्ती आहे.

एकाही दस्तऐवजात सर्व घटक एकत्र नसल्याने दावा नवीन आहे. मग प्रश्न उरतो तो कल्पकतेचा. एकाच वेळी चालणाऱ्या छिद्रांच्या संख्येनुसार भार बदलतो, ही अडचण दोन्ही तंत्रांत आहे. ‘मोजा आणि बदल करा’ एवढेच म्हणणारा दावा कुशल अभियंत्याला दोन दस्तऐवज शेजारी ठेवून सुचू शकतो, असा आक्षेप परीक्षक घेईल व तो रास्त ठरेल.

अर्जदाराचे उत्तर मात्र विचारात घेण्याजोगे असू शकते. पिझो शीर्षात स्पंदाची लांबी कोठडीतील दाबलहरींच्या कालावधीशी जुळविलेली असते. औष्णिक शीर्षातील युक्तीप्रमाणे स्पंद लांबविला, तर ही जुळणी मोडून थेंब बिघडेल. म्हणजे दुसरा दस्तऐवज अभियंत्याला योग्य दिशा न दाखविता चुकीच्या वाटेला नेतो. अर्जदाराने स्पंदाची लांबी कायम ठेवून, मोजलेल्या संख्येनुसार विद्युतदाबाच्या चढाची दुरुस्ती करणारी विशिष्ट रचना मूळ विनिर्देशात वर्णन केली असेल, आणि दावा तेवढ्यापुरता मर्यादित केला, तर चित्र बदलते. आता दावा अरुंद झाला. पण त्यात खरे योगदान उरले. मूळ विनिर्देशात ती रचना नसेल, तर कलम ५९ मुळे ती नंतर घुसडता येत नाही. विनिर्देश प्रथमच पूर्ण व स्पष्ट लिहिण्याचे महत्त्व यातून दिसते.

या उदाहरणातील सार असे, की अर्जाचे भवितव्य तंत्राच्या झगमगाटावर ठरत नाही. पूर्वज्ञानापेक्षा फरक कोणता, त्या फरकाने परिणाम कोणता घडतो आणि तो फरक सहज सुचला असता काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अॅग्रीबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात हीच शिस्त अधोरेखित केली. पूर्वज्ञानातील शोध, अर्जातील शोध आणि कुशल व्यक्तीला तो का सुचला असता याची कारणमीमांसा, या तिन्हींचा विचार केल्याशिवाय कल्पकतेअभावी अर्ज नाकारता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सांगणे आहे.

कार्यपद्धती

पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकाता येथे असून मुंबई, दिल्ली व चेन्नई येथे शाखा आहेत. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांची होती. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ती ३१ महिने आहे. नवउद्यम, लघुउद्योग आणि महिला अर्जदारांना जलद परीक्षणाची सोय आहे. परीक्षक अहवाल तयार करतो, निर्णय मात्र नियंत्रक देतो. पहिल्या परीक्षण अहवालानंतर अर्ज निर्दोष करण्यास ६ महिने मिळतात व ही मुदत ३ महिन्यांनी वाढविता येते. पेटंट देण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते; दिल्यानंतर एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला विरोध करता येतो. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाल्यापासून अपिले उच्च न्यायालयांकडे जातात.

२०२३-२४ या वर्षात भारतात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेली. संख्या वाढणे स्वागतार्ह आहे. तथापि प्रत्येक पेटंटामागे वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची तपासणी त्याच काळजीने झाली पाहिजे. कापडावर किंवा फरशीवर छपाई करणारे यंत्र देशात बनवू पाहणाऱ्या उद्योजकाच्या दृष्टीने विचार केल्यास याचे कारण उमगते. ‘मोजा आणि बदल करा’ एवढ्या रुंद दाव्याला पेटंट मिळाले असते, तर त्याने स्वतः शोधलेली वेगळी दुरुस्तीही २० वर्षे अडली असती. दावा योग्य मर्यादेत राहिला, तर मूळ संशोधकाला त्याच्या कामाचे फळ मिळते आणि दुसऱ्यासाठी वेगळ्या मार्गाची जागा मोकळी राहते. खटला लढण्याची ऐपत नसलेल्या लहान उद्योजकाला या परीक्षणाचाच आधार असतो.

पेटंट परीक्षक हे राजपत्रित पद असून विज्ञानातील पदव्युत्तर किंवा अभियांत्रिकीतील पदवीधर युवकांना ते खुले आहे. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी कलमे पाठ करण्याबरोबरच मुदत संपलेले एखादे इंकजेट पेटंट घेऊन त्याचा पहिला दावा ओळीओळीने वाचावा. त्यातील कोणता शब्द काढला तर दावा जुन्या ज्ञानात मिसळून जाईल, हे ज्याला बोट ठेवून दाखविता येईल, त्याला कल्पकतेच्या पायरीचा अर्थ समजला असे म्हणता येईल.