थोरलीची शाळा



घरात थोरलं लेकरू हुशार निघतं की धाकटं? हा विषय निघाला की आमच्या शिरपूर जैनमध्ये दोन तट पडतात. कुणी म्हणतं थोरलं शहाणं, कुणी म्हणतं शेंडेफळ चलाख. दाखले दोघांकडेही असतात, आपापल्या घरातले.

नॉर्वेतल्या क्रिस्टेन्सेन आणि ब्येर्केदाल या संशोधकांनी सैन्यभरतीत झालेल्या सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या बुद्धिचाचण्या तपासल्या. २००७ साली निष्कर्ष आला. थोरल्यांचे गुण धाकट्यांपेक्षा सरासरी दोन-तीनने जास्त. फरक एवढासाच, एखाद्या घरात तो उलटाही असेल. पण गंमत पुढेच आहे. ज्यांचं आधीचं भावंडं तान्हेपणीच दगावलं होतं, त्या दुसऱ्या मुलांचे गुण थोरल्यांच्या बरोबरीचे निघाले. म्हणजे करामत जन्माच्या क्रमाची नव्हती, घरात थोरलं म्हणून वाढण्याची होती.

थोरल्याला सुरुवातीला आईबापांचा सगळा वेळ मिळतो, हे एक कारण सांगतात. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात दुसरंही मांडलं होतं : थोरलं धाकट्याला शिकवतं, आणि समजावता समजावता त्याचं स्वतःचं पक्कं होतं.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांचे गुरू त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथच. पण त्याच घरातली सर्वांत धाकटी मुक्ताबाई. वयोवृद्ध चांगदेवांनी तिला गुरू केलं, असं परंपरा सांगते. तेव्हा शिकवण्याचा मान काही वयाला बांधलेला नाही.

मला मात्र आठवते ती माझी आपा. आम्ही पाच भावंडं, ती थोरली. घरातली बोली उर्दू वळणाची, शाळा मराठी. 'ळ' काही माझ्या जिभेवर बसेना. चुलीपुढे बसून आपाने माझ्याकडून 'बाळ, केळ, फळा' घोटून घेतलं. ती स्वतः चौथीनंतर घरी बसली, कारण सर्वांत धाकटा तिच्या कडेवर आला होता. मी पुढे बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो.

नॉर्वेच्या त्या यादीत फक्त मुलगे होते. सक्तीची भरती तेव्हा मुलांचीच असे. माझी आपा त्या हिशेबात बसतच नाही. थोरलेपणाचं ओझं तिने वाहिलं, त्याचा लाभ तिला मिळाला नाही. शिकवणाऱ्याच्या हातचं पुस्तकच काढून घेतलं, तर त्याने पक्कं तरी काय करायचं?

म्हणून मंडळी, थोरलीच्या कडेवर लेकरू देण्याआधी तिचा गृहपाठ झाला का, एवढं विचारा. आणि शेंडेफळालाही कधीतरी 'आम्हाला शिकव' म्हणा.

माझी कविता छापून आली की आपा आजही ओळींवर बोट ठेवून वाचते. एखादा शब्द अडला की मला हाक मारते. आता शिकवायची पाळी धाकट्याची आहे. ती चुकवायची नाही, एवढं मी ठरवलं आहे.