परगावी पोटाची सोय

(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि आजवरचा बराचसा काळ चुलीपुढेच गेला. परंतु नणंदेच्या औषधपाण्यासाठी मला दीड वर्ष मुंबईला खेपा घालाव्या लागल्या. देवाच्या कृपेने वन्सं आता बऱ्या आहेत. त्या दिवसांत परक्या शहरात चांगले खाणे कसे शोधावे हे मी शिकले. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपण बायका परगावी गेलो की उपाशी राहतो. दवाखान्याच्या दारात मी कितीतरी जणी पाहिल्या. रोग्याला पेज, मुलाला पाव, नवऱ्याला जेवणाचा डबा, आणि स्वतःला एक केळे व कपभर चहा! कारण विचारावे तर, “एकटी बाई हॉटेलात कशी बसू?” किंवा “माझ्यासाठी कशाला खर्च?” पण सेवा करणारीच भोवळ येऊन पडली, तर रोग्याकडे कोणी पाहावे? तेव्हा बाहेर नीट जेवणे ही चैन नव्हे, तोही शुश्रूषेचाच एक भाग आहे.

आता चांगले ठिकाण ओळखावे कसे? पाटीच्या रोषणाईवर जाऊ नये. जे लोक तिथे रोज पोट भरतात त्यांना विचारावे. वॉर्डातल्या आयाबाई, दारावरचा पहारेकरी, फुलवाली, कचेरीत जाणाऱ्या मुली. “चांगले हॉटेल कोणते?” असे विचारले तर ते महागडे नाव सांगतात. “तुम्ही स्वतः कुठे जेवता?” असे विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळते.

मग दारातून नजर टाकावी. चार बायका, एखादे लेकुरवाळे कुटुंब बसलेले दिसले की निर्धास्त आत जावे. टेबल पुसण्याचे फडके, पाण्याचा पेला आणि हात धुण्याची जागा, या तीन गोष्टी पाहिल्या की स्वयंपाकघर न पाहताही कळते. आपण गृहिणी आहोत, आपल्याला ते कोणी शिकवायला नको. जिथे चार-सहाच पदार्थ असतात आणि गर्दी असते, तिथे अन्न ताजे असते. केलेले संपते, उरत नाही. दुपारी चारला भात मागू नये, त्या वेळी गरम तळलेले किंवा डोसा बरा. चिरून ठेवलेली फळे, उघडी चटणी आणि बर्फ यांपासून मात्र दूर राहावे.

अन्न विकणाऱ्याला सरकारी परवाना किंवा नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक असतो आणि ती दर्शनी भागी लावावी लागते. २००६ च्या कायद्याने ही व्यवस्था झाली आहे. तो कागद भिंतीवर आहे का एवढे पाहायला काही शिक्षण लागत नाही.

दादरला उतरणाऱ्या आपल्या माणसांची तर चांगली सोय आहे. स्टेशनाजवळच मामा काणे यांचे जुने उपाहारगृह आहे. शिवसेना भवनाच्या बाजूला गेलात तर ‘प्रकाश’ आणि ‘आस्वाद’ आहेत. साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, पियूष असे आपल्या घरचे पदार्थ तिथे मिळतात. बटाटेवड्याचा वास आला की माहेरी आल्यासारखे वाटते! माटुंग्याला मध्य रेल्वेच्या स्टेशनासमोर पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग आहे. ते १९४२ साली निघाले. केळीच्या पानावर वाढतात. ज्यांना पोटभर हवे त्यांना तसे, ज्यांना बेताचे हवे त्यांना तसे. पंगतीला बसल्यासारखे जेवण होते, त्यामुळे एकटीलाही अवघडल्यासारखे होत नाही. मात्र जाण्याआधी सुट्टीचा वार आणि जेवणाची वेळ विचारून घ्यावी.

पैशाविषयी दोन शब्द. बसण्यापूर्वी दरपत्रक वाचावे. त्यात लाज कसली? भाजी घेताना आपण भाव विचारतोच ना? बिलात सरकारी कर असतो, तो द्यावाच लागतो. परंतु ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून जे लावतात ते सक्तीचे नाही. ४ जुलै २०२२ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. एका हॉटेलात माझ्या बिलात ती रक्कम आली होती. मी शांतपणे म्हटले, “भाऊ, एवढे कमी करून द्या.” त्यांनी मुकाट्याने दुसरे बिल आणले. भांडावे लागत नाही, ठाऊक मात्र असावे लागते. वाढणाऱ्या मुलाला खुशीने दहा रुपये द्यावे, ती गोष्ट वेगळी.

आणि भगिनींनो, मुंबईला बाहेर जेवू घालण्यात बायकांचा हात फार मोठा आहे. कोकणातून, घाटावरून गेलेले गिरणी कामगार दहा-दहा, वीस-वीस एका खोलीत राहत, आणि त्यांना दोन वेळा रांधून घालीत त्या खानावळवाल्या बाया. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सावकाराच्या कर्जातून सुटून त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचेच पुढे ‘लिज्जत’ झाले. ज्या शहराला आपल्याच बायकांनी जेवू घातले, तिथे बाईने उपाशी का राहावे?

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी ना कोणी मुंबई-पुण्याला जातच असते. कुठे चांगले जेवण मिळाले, काय दर पडला, बायकांसाठी स्वच्छ मोरी होती की नाही, हे परत आल्यावर मंडळाच्या वहीत दोन ओळींत लिहून ठेवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेईन. उद्या एखादी सून घाबऱ्या-घाबऱ्या रोग्याला घेऊन निघेल, तेव्हा तिच्या हातात ती वही देता येईल. पिशवीत दशम्या आणि चटणी बांधून न्यावी, पण त्या पहिल्या दिवसापुरत्या. दुसऱ्या दिवसापासून गरम जेवावे.